वीतभर आखूड मयाल

मोतीरामनं परतवाड्याहून आणलेली मयाल तीन आठवडे अंगणात पडून होती, आणि तेवढ्या दिवसांत गावातला एकही माणूस तिला टिचकी मारल्याशिवाय पुढे गेला नव्हता. सागवानाची तुळई, चौकोनी तासलेली, दीड वीत रुंद, मधाच्या रंगाची. नव्या घराच्या मधल्या खोलीचं सगळं छप्पर तिच्या एकटीच्या पाठीवर बसणार होतं. इंदूबाईला तिचा थोडा धाकच वाटे. आपल्या नवऱ्यानं जन्मात एवढी पारख करून दुसरं काहीच घरात आणलं नव्हतं. खुद्द तिलासुद्धा सासूनं पसंत केलं होतं. मोतीराम तेव्हा बैल चारायला गेला होता.

मयालीची कथा तो विचारणाऱ्याला सांगे आणि न विचारणाऱ्यालाही सांगे. बारा वर्षं त्यानं परतवाड्याच्या लाकूड-डेपोत हमाली केली होती. मेळघाटातून उतरलेले ओंडके वाहून वाहून त्याच्या उजव्या खांद्याला घट्टा पडला होता, आणि ते सगळे ओंडके दुसऱ्यांच्या घरांचे होते. या चैत्रात तो पहिल्यांदा त्या डेपोत गिऱ्हाईक म्हणून गेला.

"सतरा ओंडके पायले मी," तो सांगे. "एकाच्या पोटात गाठ. एकाले बुडापासून चीर. एक वरतून राजा आन् आतून पांढरा, कच्चा. पांढरं लाकूड म्हंजे भुंग्याचं जेवन. अठराव्याले कुऱ्हाडीचा दांडा मारला, तं कोनी हुंकार द्यावा तसा आवाज आला. म्या म्हटलं, हेच."

तिथल्या आरागिरणीवर त्यानं तो ओंडका डोळ्यांदेखत चिरून घेतला. घरून नेलेल्या अंबाडीच्या दोरीला दोन गाठी होत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचं अंतर, वर दोन्ही भिंतींवर टेकायला लागणारी लांबी, असं अकरा हातांचं माप. त्या मापानं मयाल कापली, ट्रकवर अकोल्यापर्यंत आणली, आणि अकोल्याहून बार्शीटाकळीच्या वाटेनं दोन बैलबंड्या जोडून गावात. बंडीपुढे तो पायी चालत आला. बसला असता तर मयालीचा अपमान झाला असता, असं इंदूबाईचं म्हणणं.

हे सगळं धाकट्या भावाच्या, धर्मपालच्या, मनाविरुद्ध झालं होतं. धर्मपाल अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून. त्याला लोखंडी गर्डर हवा होता. हिवाळ्यात त्यावरून दोघा भावांची चांगलीच जुंपली होती. "लोखंड उन्हाळ्यात तापते आन् पावसाळ्यात गंजते," मोतीराम म्हणाला होता. "सागवान माह्या नातवाले पुरून उरन." धर्मपालनं मग हात टेकले, पण जाताना एवढं म्हणालाच, "निदान मोजा तरी टेपनं, दादा. दोरीनं कोनी घर बांधते काय?"

मोतीरामनं दोरीनंच मोजलं. हट्टात तो कुणाला हार जाणारा नव्हता.

पण दोघा भावांच्या भांडणात ज्या गोष्टीला कुणी हात लावला नाही, ती इंदूबाईची होती. घर एक असणार होतं. पूर्वेच्या दोन खोल्या मोतीरामच्या, पश्चिमेच्या दोन धर्मपालच्या, आणि मधली मोठी खोली सगळ्यांची. "मधात भिंत नाई आन् खांबबी नाई," पायाच्या वेळी तिनं बजावलं होतं. बारा वर्षांची असताना ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा तीन वर्षांचा धर्मा नाक पुसायला तिचाच पदर ओढायचा. त्याला तिनं कडेवर वागवला, शाळेत पोचवला, त्याच्या बोर्डाच्या परीक्षेला शेतावरच्या मजुरीला दोन दिवस खाडा केला. त्याच्या आणि आपल्या चुलीमध्ये भिंत उभी राहिलेली तिला बघवली नसती. शिवाय वस्तीला शब्द दिला होता. दीक्षा घेऊन साडेपाच वर्षं झाली, तरी रविवारची वंदना अजून निंबाच्या झाडाखालीच व्हायची. येत्या वैशाख पौर्णिमेची वंदना या नव्या घराच्या मोठ्या खोलीत व्हायची होती. पौर्णिमेला बारा दिवस होते.

या घरात यायला नकार होता तो फक्त सासूचा. केशरबाई अंगणाच्या टोकाला आपल्या जुन्या झोपडीत राही. झोपडीच्या मधोमध अंजनाची मेढ होती, वर दोन फाटे फुटलेला, दुबेळक्याचा जाड खांब. तिच्या नवऱ्यानं तो रानातून खांद्यावर आणला होता आणि त्याच हातांनी रोवला होता. धर्मा दोन वर्षांचा असताना तो माणूस गेला, मेढ राहिली. "मी माह्या मेढीखाली बरी," केशरबाई म्हणे. "तुमच्या कवेलूच्या महालात तुमी राहा."

मयाल चढवायचा रविवार उजाडला. धर्मपाल आणि त्याची बायको शकुन आदल्या दिवशीच्या एसटीनं आली होती. शकुन अमरावतीची, सातवी पास, पाटल्या घालणारी आणि थोडं बोलणारी. थोडं बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं हे इंदूबाईला कधी कळलं नव्हतं, कारण तसं राहून पाहण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शकुनला वेगळं राहायचं असणार, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

जानराव सुतार आठलाच आला. येताना आपलं पाणी घरूनच चंबूत घेऊन आला, नेहमीसारखं. इंदूबाई त्यावर एक शब्द बोलत नसे. त्याचं पाणी दुपारपर्यंत संपेल इतकं काम मात्र ती त्याला बरोबर पुरवी.

"नारळ नाई, शेंदूर नाई," मयालीभोवती फिरत जानराव कुरकुरला. "कोरडीच चढवायची काय?"

"लाकडाले नारळ कळत नाई, जानरावभाऊ," मोतीराम म्हणाला. "पक्कं हाये का कच्चं, तेवढंच कळते. पाठ वर घ्या, पोट खाली. वजन पडलं का सरळ होईन."

मोतीरामचा आवाज त्या दिवशी वेगळाच होता. तीस-चाळीस माणसं जमली होती, आणि जो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या हुकमानं ओझी उचलत आला, तो आज हुकूम सोडत होता. इंदूबाईचा ऊर भरून आला. तिनं तो पदरानं झाकला आणि उगाचच अंगणातल्या पोरींवर ओरडली.

दोर बांधले. सहा माणसं या भिंतीवर, सहा त्या. "हो... हैय्या!" करत मयाल वर गेली, एक टोक पूर्वेच्या भिंतीवर जाऊन नीट बसलं. पश्चिमेचं टोक जानरावनं हातानं ओढून घेतलं, वाकून पाहिलं, आणि तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?" खालून मोतीराम.

"मोतीरामभाऊ," जानराव सावकाश म्हणाला, "हे वीतभर आखूड हाये."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मोतीराम शिडी न लागल्यासारखा वर चढला. पश्चिमेच्या भिंतीच्या काठाला मयाल नुसती शिवत होती. मांजर चाललं असतं तरी घसरली असती.

धर्मपाल मागोमाग चढला. त्यानं खिशातून कचेरीतली टेप काढली, लावली, आकडा वाचला. "तेवीस सेंटिमीटर कमी."

झोपडीच्या दारात बाजेवर बसलेली केशरबाई तिथून ओरडली, "म्हंजे वीतच ना रे?"

"हो माय."

"मंग वीत म्हन."

मयाल पुन्हा खाली उतरवली. मोतीराम घरात गेला आणि खुंटीवरची दोरी घेऊन आला. तीच दोरी, त्याच दोन गाठी. भिंतींवर ताणली, तर माप बोटभरही चुकलेलं नाही. मयालीवर ताणली, तर दुसरी गाठ टोकाच्या वीतभर पलीकडे गेली. त्यानं पुन्हा ताणली. तिसऱ्यांदाही ताणली.

"गाठीले गाठ लावून कापली," तो म्हणाला. "म्या सोता उभा होतो."

"तिथं ढील राह्यली असन," धर्मपाल म्हणाला. "दोरी हाये शेवटी. तुमी ताणली नसन नीट."

"ताणली होती."

"मंग लाकूड आखडलं काय? सांगून राहिलो होतो ना मी, टेपनं मोजा! पन तुमाले माहा शब्द म्हंजे पोट्ट्याचा शब्द!"

"बारा वर्षं डेपोत होता म्हने," गर्दीत मागून एकजण पुटपुटला. ते सगळ्यांना ऐकू गेलं, मोतीरामलाही.

तो मयालीवरच बसला. उजव्या खांद्यावरचा घट्टा डाव्या हातानं चोळत राहिला. इंदूबाईनं त्याला तापात पाहिलं होतं, उपाशी पाहिलं होतं, पाटलाच्या दारात ताटकळताना पाहिलं होतं. असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

जानरावनं कानावरची पेन्सिल काढली. "हे पाहा, सोपं हाये. खोलीच्या मधात एक भिंत घ्या. मयालीचे दोन तुकडे करतो, दोन्ही बाजूले आरामात बसतीन. चार दिवसांत छप्पर."

"पौर्णिमेले लोक कुठं बसतीन?" कुणीतरी विचारलं.

इंदूबाईनं मोतीरामकडे पाहिलं. आता हा उसळेल, म्हणेल की जानराव, तोंड सांभाळ. पण मोतीराम खाली मान घालून म्हणाला, "काप."

"दादा," धर्मपाल म्हणाला.

"काप म्हनतो ना! भिंत घाला. तिकडचं तुले, इकडचं मले. तुह्या बाजूले तू गर्डर टाक, टेप लाव, काय लावाचं ते लाव. माह्या हातानं मोजलेल्या छपराखाली तुले कशाले बसवू?"

धर्मपालचा चेहरा पांढरा पडला. पण तोही त्याच आईचा लेक. "ठीक हाये," तो म्हणाला. "तुमचीच मर्जी असन तं ठीक हाये."

जानराव करवत आणायला आपल्या पेटीकडे वळला.

इंदूबाईच्या कोपराला कुणीतरी हात लावला. शकुन होती. "बाई, काहीतरी बोला ना," ती हळूच म्हणाली. "मले नाई पाहिजे भिंत. मायेरी एका खोलीत नऊ माणसं होतो आमी. इथं दोन खोल्यांत मी एकटी, भिंतीशी बोलू काय?"

इंदूबाई तिच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं ही बाई आपल्या बाजूची होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

आणि मग तिची नजर मोतीरामच्या हातातल्या दोरीवर गेली.

चैत्रातली ती सकाळ. मोतीराम परतवाड्याला निघायच्या गडबडीत होता. विहिरीवर बादलीची दोरी तुटली, दारात पाव्हणे, घरात थेंब नाही. तिनं खुंटीवरची ही दोरी काढली, दहा बादल्या पाणी शेंदलं, आणि गाठी तशाच आहेत ना हे नीट बघून, पिळून, गुंडाळून त्याच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली ठेवून दिली. गाठी तशाच होत्या. तेवढं तिनं पाहिलं होतं. पण अंबाडी भिजली की आखडते, वाळली की पुन्हा होती तेवढी होते, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. बाज सैल झाली की तिनं स्वतः हजार वेळा तिच्यावर पाणी शिंपडलं होतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. डेपोवाल्यानं फसवलं म्हणता आलं असतं. मोतीरामची नजर उतरली म्हणता आलं असतं. या घरात बावीस-तेवीस वर्षं तिचा शब्द चालत होता तो ती कधी चुकत नाही म्हणून, निदान चुकली असं कुणी पाहिलं नव्हतं म्हणून. नव्या सुनेसमोर, सुतारासमोर, अख्ख्या वस्तीसमोर ते घालवायचं? जानरावनं करवत मयालीवर ठेवली. पहिल्या ओढीला सागवानाचा वास अंगणभर सुटला.

"जानरावभाऊ, करवत उचला," इंदूबाई म्हणाली. "शकुन, बादली भरून आन."

तिनं नवऱ्याच्या हातातून दोरी घेतली आणि सगळ्यांच्या देखत बादलीत बुडवली.

"काय करून राहिली तू?" मोतीराम.

"थांबा ना बाप्पा जरासे."

दोरीला भिजायला वेळ लागतो. चाळीस माणसं एका बादलीकडे बघत उभी राहिली. ऊन चढलं होतं, जानरावचा चंबू केव्हाच रिकामा झाला होता आणि तो ओठांवरून जीभ फिरवत होता. इंदूबाईनं रांजणातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला. जानरावनं तांब्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग घटाघटा पिऊन टाकला. "अजून एक द्या," तो म्हणाला.

मग तिनं दोरी काढली, पिळली, एक गाठ शकुनच्या हातात दिली आणि म्हणाली, "धर त्या टोकाले. ताण." स्वतः दुसरी गाठ घेऊन मयालीच्या कडेनं चालत गेली. दोघी जावांनी दोरी ओढली. इंदूबाईची गाठ मयालीच्या टोकाला जाऊन थांबली. ना बोटभर पुढे, ना बोटभर मागे.

"तुमी निघाले त्या दिवशी," ती नवऱ्याकडे बघत स्वच्छ आवाजात म्हणाली, "या दोरीनं म्या पानी शेंदलं. ओलीच बांधून देल्ली. तुमी बरोबर मोजलं. तुमचा हात चुकला नाई, माहा चुकला. ज्याले हसाचं त्यानं आता माह्याकडे पाहून हसावं."

कुणीही हसलं नाही. हसला तो मोतीराम. आधी नुसते खांदे हलले, मग पोट. "म्हंजे म्या ताणली होती!" तो म्हणाला, आणि डोळे पुसत पुन्हा म्हणाला, "म्या ताणलीच होती!" वीतभर मयाल गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर कुठंच दिसत नव्हतं.

धर्मपाल भावासमोर येऊन उभा राहिला. "दादा, चुकलं माह्यं," तो म्हणाला. मग वहिनीकडे वळला. जरा धीर आला तसा जुना खोडकर धर्मा झाला. "पन वयनी, सरकारी टेप भिजली तरी आखडत नाई."

"तिनं पानी शेंदता येते काय?" इंदूबाई म्हणाली. आता मात्र अख्खं अंगण हसलं.

"हसनं झालं," जानराव म्हणाला, "पन मयाल अजून वीतभर आखूडच हाये. भिंत नको म्हनता तं या टोकाखाली, भिंतीले चिकटून, एक खांब पाहिजे. आन् तो असातसा नाई चालनार. अर्धं छप्पर त्याच्या डोक्यावर. नवीन लाकूड आनाले परतवाड्याले जा, मंग तासा, वाळवा... पौर्णिमा विसरा."

"जुनं पक्कं लाकूड असन तं?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. केशरबाई बाजेवरून उठली होती. ती झोपडीच्या आत गेली आणि आतून तिनं मेढीवर चुलीच्या फुंकणीनं ठोकलं. अंजनाचा आवाज घंटेसारखा घुमला.

"सदतीस वर्षांची हाये," ती आतूनच म्हणाली. "वाळवी हिच्याकडे पाहून वाट बदलते. वर दुबेळकं हाये, तुमची मयाल त्यात लेकरासारखी बसन. जमिनीत दोन हात पुरेल हाये, उकरली का उंची भरते. ये जानराव, मोज. पन कोरड्या दोरीनं."

"माय," मोतीराम म्हणाला, "मेढ काढली तं झोपडी बसन."

"बसू दे. मी कुठं बसू ते तुमी सांगा."

इंदूबाई पुढे झाली. "मोठ्या खोलीत, आत्याबाई. मधात. जिथून दोन्ही चुली दिसतीन."

"दिसल्याच पाहिजे," केशरबाई म्हणाली. "तुमच्यापैकी कोन ओल्या दोरीनं काय मोजते, कोनीतरी पाहाले पाहिजे."

मग खांब कुणाच्या बाजूला यावर पुन्हा बोलणं निघालं. मोतीराम म्हणाला, आखूड बाजू माझ्याकडे घ्या. मयाल मी आणली, आणि थोरला मी. जानरावनं मान डोलावली. मयाल पूर्वेकडे आखूड ठेवणं त्याला सारखंच होतं.

"नाई," केशरबाई म्हणाली. "धर्माकडं."

"काहून माय?"

म्हातारी मेढीवर हात ठेवून उभी होती. तिचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. "तुले बाप आठवते, मोतीराम. त्याच्या खांद्यावर बसून बाजार पायला तू. याले त्याचं तोंडबी आठवत नाई. याच्या वाट्याले बापाचा टेकू कधी आलाच नाई. येऊ दे आता."

धर्मपालनं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुदळ घेतली. मेढीचं बूड त्यानं स्वतः उकरलं. झोपडीचं गवत खांद्यांवर सांडत होतं, तरी थांबला नाही. मेढ निघाली तेव्हा चार माणसं उचलायला पुढे आली.

"राहू द्या," तो म्हणाला. "एकट्यानं आनली होती ना त्यानं."

कारकुनाचा खांदा तो. त्यावर कधी फायलींपेक्षा जड काही पडलं नव्हतं. दोन पावलांवर तो डगमगला, तेव्हा मोतीरामनं मागून बुडाला हात दिला. धर्मपालनं वळून पाहिलं आणि राहू दे म्हणाला नाही.

दुपारी मयाल पुन्हा चढली. एक टोक पूर्वेच्या भिंतीवर, दुसरं अंजनाच्या दुबेळक्यात. जानरावनं वर उभं राहून दोनदा टाच आपटली. काही हललं नाही. खाली धर्मपाल मेढीला पाठ लावून उभा होता, डोळे मिटून, लहान पोर उंची मोजायला उभं राहतं तसा ताठ. इंदूबाईला त्याचं नाक पुसावंसं वाटलं.

केशरबाई आपली बाज ओढत नव्या खोलीत आली. बरोबर मधोमध ठेवली, वर बसली, आणि लेकाकडे बघून म्हणाली, "पुरे आता, धर्मा. जाय, जेऊन घे. ते कुठं जात नाई आता."